पायांचा लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज: हात कसा फिरवायचा, फरक किती पडतो, कधी हात लावायचा नाही

पाय सुजले की आपल्याकडे उपाय ठरलेला असतो: वाटीभर कोमट तेल आणि घरातला सगळ्यांत दणकट हात. पोटऱ्या पिळून काढल्या, पावलं रगडली की माणूस सुखावतो. दिवसभर उभं राहून दमलेल्या पायांना ते चालतं. लसिका (लिम्फ, म्हणजे ऊतींमधून रक्ताकडे परत जाणारं पाणी) साचून आलेल्या सुजेला मात्र असला रगडा सोसत नाही. जोर लावला की तिथला रक्तपुरवठा वाढतो, कातडीखालच्या नाजूक लसिकावाहिन्या दबतात आणि सूज उतरायची सोडून वाढू शकते.

लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज अगदी वेगळ्या वळणाचा आहे. हात इतका हलका असतो की पहिल्यांदा करून घेणाऱ्याला वाटतं, याचे पैसे कशाला द्यायचे? आणि पाय सुजलेला असला तरी सुरुवात होते मानेपासून. हलका हात आणि वरून खाली जाणारा क्रम, या दोन गोष्टी जमल्या की बरंचसं जमलं. पण त्याआधी एक काम आहे आणि ते टाळून कुणीही पुढे जाऊ नये.

सूज कसली आहे, ते आधी बघा

घोट्याच्या चार बोटं वर, नडगीच्या हाडावर अंगठा ठेवा आणि दहा सेकंद सावकाश दाबून धरा. अंगठा उचलल्यावर खड्डा राहिला तर ऊतींमध्ये पाणी साचलंय, एवढं कळतं. ते का साचलंय, हे त्यावरून कळत नाही.

दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर पुष्कळदा कारण पायात नसतं. हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्तातली कमी झालेली प्रथिनं, यांपैकी काहीही असू शकतं. रक्तदाबाच्या गोळ्यांकडेही बघा. अॅम्लोडिपिन घेणाऱ्या कितीतरी जणांचे घोटे सुजतात, आणि वर्षभर तेल चोळल्यावर कधीतरी कुणीतरी औषधांची चिठ्ठी बघतं. अशा सुजेला तपासणी लागते. गोळी मात्र मनानेच बंद करायची नाही.

एकच पाय, एक-दोन दिवसांत सुजलाय, पोटरी ठणकतेय, हाताला गरम लागतेय: शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता आहे. अशा पायाला मसाज करायचा नाही, दाबूनसुद्धा बघायचा नाही. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि सोबत धाप किंवा छातीत दुखणं असेल तर थेट इमर्जन्सी गाठा.

संध्याकाळी सुजणारे आणि रात्री पाय वर घेऊन झोपलं की उतरणारे पाय, नडगीच्या खालच्या भागात तपकिरी पडत गेलेली कातडी, निळ्या फुगलेल्या शिरा, हे शिरांच्या झडपा सैल झाल्याचं चित्र. कंडक्टर, शिक्षक, दुकानातले विक्रेते, तासन्‌तास ओट्याशी उभं राहणाऱ्या बायका यांच्यात ते नेहमी दिसतं. इथे मसाजने पाय हलके वाटतात, पण मूळ दुखणं शिरांचं असतं.

लसिकेची सूज, म्हणजे लिम्फेडिमा, बहुधा एका पायाला जास्त असते. तिची खूण पावलावर दिसते. पावलाची वरची बाजू उशीसारखी फुगते, बोटं चौकोनी दिसू लागतात, चपलेच्या पट्ट्याचा वळ तासभर जात नाही. अंगठ्याशेजारचं बोट बघा, बायका जोडवं घालतात ते. त्याच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत धरून उचलायचा प्रयत्न करा. दुसऱ्या पायाला सहज उचलली जाते आणि इथे चिमटीतच येत नाही, असं झालं तर लिम्फेडिमाचा संशय पक्का धरायचा. याला स्टेमरची खूण म्हणतात. कातडी उचलली गेली म्हणजे लिम्फेडिमा नाहीच, असं मात्र समजू नका. सुरुवातीच्या काळात ही चाचणी हुलकावणी देते. जोडवी घट्ट होऊ लागली असतील तर ती आजच काढा. नंतर कापून काढावी लागतात.

आणखी एक प्रकार बायकांच्या वाट्याला येतो, लिपेडिमा. कंबरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय सारखे जाड, पावलं मात्र बारीक, घोट्यावर कडं घातल्यासारखी रेघ, जराशा धक्क्याने काळंनिळं होणं आणि दाबलं की दुखणं. ही मुळात चरबीच्या वाढीची तक्रार आहे. अशा बायकांना वर्षानुवर्षं ‘जेवण कमी कर’ एवढंच ऐकवलं जातं. मसाजने त्यांचं दुखणं आणि जडपणा कमी होतो, पायांचा आकार फारसा बदलत नाही.

आत काय घडतं

रक्तवाहिन्यांमधून पाझरलेलं पाणी, त्यातली प्रथिनं, पेशींचा कचरा हे सगळं लसिकावाहिन्या उचलतात. या वाहिन्यांची टोकं अगदी कातडीखाली असतात आणि बारीक तंतूंनी आजूबाजूच्या ऊतींना बांधलेली असतात. कातडी हलकेच ताणली गेली की ते तंतू ओढले जातात, वाहिनीच्या भिंतीतल्या फटी उघडतात आणि पाणी आत शिरतं. मसाजचा सगळा डाव या ताणण्यावर आहे. म्हणूनच दाब नको असतो. जास्त दाबलं तर ही टोकं मिटतात.

पुढच्या मोठ्या वाहिन्यांना स्वतःची आकुंचनं असतात. मिनिटाला साधारण सहा ते दहा वेळा त्या आवळतात आणि लसिका वर ढकलतात. झडपा असल्यामुळे ती मागे येत नाही. पायाची लसिका गुडघ्यामागच्या आणि जांघेतल्या गाठींमधून गाळली जाते, पोटातून वर चढते, थोरॅसिक डक्ट नावाच्या मुख्य वाहिनीतून छातीतून जाते आणि डाव्या कॉलरबोनच्या मागे मोठ्या शिरेत रक्ताला मिळते. उजव्या पायाची लसिकासुद्धा डावीकडेच जाते. दिवसाला दोन-तीन लिटर लसिका या एका वाटेने जात असते.

आता क्रमाचं कोडं सुटतं. पाटाला पाणी सोडण्याआधी शेतकरी पुढचा गाळ काढतो, नाहीतर पाणी बांधावरून फुटतं. तसंच मान, पोट आणि जांघ आधी मोकळी केल्याशिवाय पावलावरून पाणी वर ढकलण्यात अर्थ नाही.

ही पद्धत बसवली डेन्मार्कच्या एमिल व्होडर आणि एस्ट्रिड व्होडर या नवरा-बायकोने. १९३० च्या दशकात फ्रान्समधल्या कान शहरात काम करताना सतत सर्दीने बेजार झालेल्या लोकांच्या मानेच्या सुजलेल्या गाठींवर त्यांनी हलका हात फिरवायला सुरुवात केली. त्या काळी सुजलेल्या गाठींना डॉक्टर हात लावायला कचरत. १९३६ मध्ये त्यांनी ती पॅरिसमध्ये लोकांपुढे मांडली. पुढे जर्मनीत मिखाएल फोल्डी आणि एथेल फोल्डी यांनी मसाज, दाब देणारी पट्टी, व्यायाम आणि कातडीची निगा यांची मोट बांधली. लिम्फेडिमावर आज जगभर जी उपचारपद्धती चालते, ती हीच.

किती फरक पडतो

नीट केलेल्या मसाजनंतर लगेच जाणवतं ते हलकेपण. पाय उचलायला सोपा जातो, कातडीचा ताण कमी होतो, घोटा जास्त वळतो. पुष्कळांना तासाभरात लघवीला जावं लागतं. झोप येते, कारण संथ एकसारख्या स्पर्शाने शरीर सैलावतं. कडक होऊ लागलेली कातडी काही दिवसांच्या नियमित मसाजने मऊ पडू लागते, आणि माझ्या मते हा सगळ्यांत मोलाचा फायदा. टेपने मोजलं तर एका बैठकीतला फरक थोडा असतो. नंतर पट्टी किंवा स्टॉकिंग (दाब देणारा घट्ट मोजा) घातलं नाही तर तोही पुढच्या काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत भरून निघतो.

मसाज एकटा किती काम करतो, याचं जरा बरं उत्तर स्तनाच्या कर्करोगानंतर हाताला येणाऱ्या सुजेवरच्या अभ्यासांतून मिळतं. २०१५ च्या कॉक्रेन समीक्षेत (अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा) असं दिसलं की नेटाने बांधलेल्या पट्ट्यांनी सूज ३० ते ३९ टक्के उतरली, आणि मसाजची जोड दिल्यावर आणखी सात टक्क्यांच्या आसपास. फायदा मुख्यतः सौम्य ते मध्यम सुजेत होता. पायाचं गणित हुबेहूब तेच असेल असं नाही, पण कल पाहा: मोठं काम पट्टीचं, मसाज मदतनीस. जो मसाज देणारा पट्टीचं नावही काढत नाही, त्याच्याकडून दहा बैठकांचं पॅकेज घेण्याआधी विचार करा.

राहिला सलूनमधला आणि रील्समधला ‘लिम्फॅटिक’. त्यात आधीचा आणि नंतरचा फोटो असतो, आणि नंतरच्या फोटोत पोट आत ओढलेलं, उजेड बाजूने. चरबी लसिकेतून वाहून जात नाही. काट्यावर अर्धा किलो कमी दिसला तर ते पाणी आहे, चहा-पाण्याबरोबर परत येईल. मांडीवरची खळगेदार कातडी एखादा दिवस गुळगुळीत दिसते, मग पहिल्यासारखी. ‘विषारी द्रव्यं’ बाहेर काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं विनामूल्य करतात. निरोगी माणसाने सुखासाठी करून घ्यायला हरकत नाही, फक्त सुखाचेच पैसे मोजतोय हे ठाऊक असावं.

कुणी करायचा नाही

ताप, पाय लालभडक, गरम, दुखरा: संसर्ग आहे, मसाज बंद. शिरेतली गुठळी: बंद. हृदय कमजोर होऊन पाय सुजलेत, आडवं झालं की धाप लागते: बंद, कारण पायातलं पाणी एकदम रक्तात परतलं तर हृदयाला ते पेलत नाही. मूत्रपिंड निकामी असेल तरीही तेच. कर्करोगाचे उपचार चालू असतील तर आधी तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टला विचारा. उपचार संपून काही वर्षांनी अचानक पाय सुजू लागला असेल तर मसाजआधी तपासणी हवी, रोग परतलेला नाही याची खात्री करण्यासाठी.

मानेवरचा भाग थायरॉइड वाढलेल्यांनी आणि मानेच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर असलेल्या ज्येष्ठांनी वगळायचा. पोटावरचा भाग गरोदरपणात, मासिक पाळीत, नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर किंवा महाधमनी फुगलेली असेल तर वगळायचा. या जागा वगळल्या तर खोल श्वास तेवढे घ्यायचे. गरोदर बाईचे पाय अचानक, चेहऱ्यासकट सुजले, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर मसाज राहू द्या, आधी रक्तदाब मोजून घ्या.

हाताचा सराव

तेल नको. तेलाने हात घसरतो आणि इथे घसरणं म्हणजे फुकट गेलेला हात. कातडी कोरडी हवी. घाम येत असेल तर किंचित पावडर लावा. नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या.

डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताची चार बोटं सपाट ठेवा, टोकं नकोत. आता बोटं जागची न हलवता खालची कातडी मनगटाच्या दिशेने सरकवा. थोडं गेल्यावर ती अडते. तिथे क्षणभर थांबा आणि सोडून द्या. कातडी आपोआप मागे येते. खालच्या शिरा, हाडं बोटांना जाणवली तर दाब जास्त होतोय. कातडी लाल झाली तर खूपच जास्त. हीच हालचाल किंचित अर्धगोलात करायची: ताण, वळवा, पूर्ण सोडा. सोडणंही तेवढंच महत्त्वाचं, कारण वाहिनी त्या वेळात भरते. एक हालचाल दोन-तीन सेकंदांची. घाईच्या हाताने काहीच साधत नाही.

क्रम, पायरीपायरीने

जागा पलंगाची. पाठीला दोन उशा, सुजलेल्या पायाखाली एक, म्हणजे पाय थोडा उंच. कपडे कंबरेला आणि जांघेत सैल. नाडीचा वळ उठेल असं काही नको. अर्ध्या तासाची सवड काढा.

पहिली पायरी श्वासाची. दोन्ही हात बेंबीवर ठेवा. नाकाने श्वास घ्या, पोटाने हात वर उचलू द्या, तोंडाने सावकाश सोडा. पाच वेळा पुरे. जास्त केलं तर गरगरतं. श्वासाबरोबर छातीतला दाब बदलतो आणि थोरॅसिक डक्टमधली लसिका वर ओढली जाते. ही पायरी फुकटची वाटते म्हणून लोक गाळतात. गाळू नका.

दुसरी, कॉलरबोनच्या वरचे दोन खळगे. बोटं सपाट ठेवून कातडी हलकेच खाली आणि आत, गळ्याच्या मुळाकडे सरकवा. दोन्ही बाजूंना दहादहा वेळा. गिळताना किंवा श्वास घेताना अडकल्यासारखं वाटलं तर हात जड पडतोय.

तिसरी, पोट. बेंबीभोवती तळवा ठेवा. श्वास सोडताना हात पोटाबरोबर आत जाऊ द्या, घेताना पोटाला त्याला वर ढकलू द्या. पाच वेळा.

चौथी, जांघ. पायाचा मुख्य दरवाजा इथे आहे. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, त्याच गाठी या. जांघेच्या घडीच्या खाली, मांडीच्या सुरुवातीला तळवा सपाट ठेवा आणि कातडी वर, पोटाच्या दिशेने सरकवा. दहा ते पंधरा वेळा. गाठ हाताला दुखत असेल तर थांबा, पायावर कुठे जखम किंवा चिखल्या आहेत का ते बघा.

पाचवी, मांडी. इथे सगळ्यांचा हात गुडघ्याकडून सुरू होतो आणि तो मोह आवरायचा आहे. मांडीचे मनातल्या मनात तीन भाग करा. आधी जांघेलगतचा भाग, मग मधला, मग गुडघ्यावरचा. प्रत्येक भागात सात-आठ वेळा, दिशा नेहमी जांघेकडे. एक तळवा समोर, एक बाहेरच्या बाजूला, आलटून पालटून. मांडीच्या आतल्या बाजूची सूज जिद्दीची असते; तिथून कातडी आधी समोर वळवा आणि मग वर. खालचा भाग झाला की पुन्हा एकदा जांघेत पाच वेळा.

सहावी, गुडघा. पाय थोडा वाकवा. दोन्ही हातांची बोटं गुडघ्यामागच्या लवणीत घाला आणि कातडी वर सरकवा, दहा वेळा. लवण हळवी असते, इथे रेटायचं नाही. मग वाटीच्या दोन्ही बाजू. गुडघ्याच्या आतल्या अंगाला जो मऊ गोळा साठतो, त्याला थोडा जास्त वेळ द्या.

सातवी, पोटरी आणि नडगी. पुन्हा वरून खाली: आधी गुडघ्याखालचा पट्टा, मग मधला, मग घोट्यावरचा. एक हात नडगीवर, एक पोटरीखाली. दोन्ही हातांनी कातडी एकदम गुडघ्याकडे. नडगीवर जुना काळपट डाग किंवा पातळ चकचकीत कातडी असेल तर तो भाग सोडा, ती सहज फाटते.

आठवी, घोटा आणि पाऊल. घोट्याच्या हाडामागे आणि टाचेच्या शिरेच्या दोन्ही बाजूंना खोलगट जागा असतात. बोटं तिथे बसतात. दहा वेळा वर. पावलाच्या पाठीवर दोन्ही अंगठे सपाट ठेवून बोटांकडून घोट्याकडे, पण तुकड्यातुकड्यांनी, घोट्याजवळचा तुकडा आधी. शेवटी एकेक बोट, मुळाकडे.

नववी पायरी परतीची. पावलापासून जांघेपर्यंत पूर्ण पायावरून दोन्ही तळवे हलके वर न्या, तीन-चार वेळा. जांघेत पाच वेळा, पुन्हा दोन खोल श्वास.

हात पोचत नसेल, पोट आडवं येत असेल तर गुडघ्याखालचं काम घरातल्या कुणाला तरी शिकवा. त्यांनी सुजलेल्या पायाच्या बाजूला, कंबरेच्या पातळीवर बसावं. पायथ्याशी बसलं की हात नकळत रेटायला लागतो. सासू-सासऱ्यांचे पाय चेपणाऱ्या सुनांना हे शिकवताना एकच अडचण येते: मनापासून चेपायची सवय. इथे मन लावायचं, जोर नाही.

जांघेतल्या किंवा ओटीपोटातल्या गाठी काढल्या असतील तर

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ओटीपोटातल्या गाठी काढतात, वर रेडिएशन देतात. त्यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पाय सुजणाऱ्या बायका आपल्याकडे खूप आहेत. ऑपरेशन झालं त्या काळात ‘पाय सुजू शकतो, कातडी जपा’ हे कुणी नीट सांगितलेलं नसतं, हे पुन्हापुन्हा दिसतं. इथे जांघेचा दरवाजा अर्धा बंद असतो, म्हणून वाट बदलायची.

श्वास आणि मान झाल्यावर त्याच बाजूच्या काखेत तळवा सपाट ठेवून दहा वेळा काखेच्या खोलीकडे हलवा. मग काखेखालून कंबरेपर्यंतच्या कुशीचे टप्पे पाडा आणि काखेजवळचा टप्पा आधी धरून कातडी काखेकडे सरकवत खाली या. शेवटचा टप्पा नितंबाच्या बाहेरच्या बाजूचा. आता मांडीची लसिका जांघेकडे नेण्याऐवजी मांडीच्या बाहेरच्या बाजूला आणि तिथून कुशीने वर न्यायची. एकाच बाजूच्या गाठी गेल्या असतील तर जघनाच्या हाडावरून दुसऱ्या जांघेकडेही नेता येतं. दोन्ही बाजू बाधित असतील तर दोन्ही काखा. रेडिएशनने कडक झालेल्या कातडीवर हात फिरवायचा नाही. हा बदललेला क्रम प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या.

मसाज संपला, काम नाही

लगेच पायाला मॉइश्चरायझर किंवा खोबरेल लावा, बोटांच्या बेचक्या सोडून. मऊ कातडीला भेगा पडत नाहीत आणि जंतूंना वाट मिळत नाही. मग पट्टी. उपचाराच्या सुरुवातीच्या दोन ते चार आठवड्यांत रोज मसाज आणि कमी ताणल्या जाणाऱ्या खास पट्ट्यांचे थर बांधतात. सूज उतरून स्थिरावली की मापाचं स्टॉकिंग. मेडिकलमधली रबरी क्रेप बँडेज या कामाची नाही. ती बसल्यावरही आवळत राहते, चालताना हवा तो प्रतिकार देत नाही आणि घोट्यावर गोळा होऊन वळ पाडते. ऑपरेशननंतर हॉस्पिटलात दिलेले पांढरे मोजेही झोपून असलेल्यांसाठी असतात.

स्टॉकिंगच्या दाबाच्या श्रेणी असतात. जर्मन मोजमापात पहिली १८ ते २१ मिलिमीटर पारा, दुसरी २३ ते ३२, तिसरी ३४ ते ४६. कोणती हवी हे डॉक्टर ठरवतील. मधुमेह असेल, बिडी-सिगारेट असेल, चालताना पोटऱ्या भरून येत असतील तर आधी पायाच्या धमन्यांचा दाब हाताच्या दाबाशी ताडून बघायला सांगा. धमन्या अरुंद असताना घट्ट पट्टी बांधली तर पाय गमवायची वेळ येते.

पट्टी बांधून दहा-पंधरा मिनिटं पाय हलवा. पाऊल वर-खाली वीस वेळा, गोल फिरवणं, टाचा उचलून उभं राहणं, घरातल्या घरात चालणं. पोटरीचा स्नायू पट्टीवर आपटतो आणि आत दडपलेलं पाणी वर जातं. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी लसिकेची सूज टिकाऊ उतरत नाही. पाणी निघतं, प्रथिनं मागे राहतात आणि ती पाणी पुन्हा ओढतात. पाणी कमी पिऊनही सूज उतरत नाही.

हत्तीपाय असेल तर

विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि नागपूर भागात, पायाच्या जुन्या सुजेचं मोठं कारण हत्तीरोग आहे. क्युलेक्स डासांच्या चाव्यातून शिरलेले जंत लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतात आणि त्या निकामी करतात. सरकारी मोहिमेतल्या गोळ्या जंतांचा फैलाव रोखतात, म्हणून त्या देणाऱ्या कर्मचाऱ्यासमोरच गिळायच्या. आधीच सुजलेला पाय त्या गोळ्यांनी बारीक होत नाही, हेही ठाऊक असू द्या.

या पायात मसाजपेक्षा धुणं आधी. रोज साधं पाणी आणि अंगाचा साबण, घड्यांमधून आणि बोटांच्या बेचक्यांमधून बोटाने फेस नेऊन. मऊ फडक्याने टिपून कोरडं करायचं, घासून नाही. बेचक्यांत पांढरट चिखली दिसली की बुरशीचं मलम. थंडी वाजून ताप आणि पाय लाल होण्याचे जे झटके येतात, त्यांची वाट बहुतेक वेळा याच चिखल्यांतून जाते. आणि प्रत्येक झटका पाय थोडा आणखी जाड करून जातो. झटका आला की पाय उंच ठेवा, गार पाण्याच्या घड्या ठेवा, लालीच्या कडेने पेनने रेघ ओढा आणि डॉक्टर गाठा. रेघेच्या बाहेर लाली गेली तर ती पसरते आहे. मसाज आणि पट्टी ताप उतरून लाली जाईपर्यंत बंद. केरळमध्ये कासरगोडच्या इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मटॉलॉजीने धुणं, आयुर्वेद, योगासनं आणि पट्टी एकत्र करून हत्तीपायांवर बरंच काम केलं आहे. त्यांच्याकडेही भर कातडीच्या निगेवर आणि पट्टीवर आहे.

मोजून बघा

डोळा फसवतो, टेप नाही. टाचेपासून दर दहा सेंटिमीटरवर दोन्ही पायांना पेनने खुणा करा आणि घेर लिहून ठेवा. सकाळी उठल्याउठल्या, आठवड्यातून एकदा, त्याच माणसाने, टेप न आवळता. दोन पायांत दोन सेंटिमीटर किंवा जास्त फरक असेल तर तो दखल घेण्याजोगा धरतात. दोन-तीन आठवडे मसाज, पट्टी आणि व्यायाम सगळं करूनही आकडे हलले नाहीत तर आधी पट्टीचं बांधणं तपासा, मग निदान.

थेरपिस्ट निवडताना लिम्फेडिमाचं वेगळं प्रशिक्षण कुठे घेतलं ते विचारा. पहिल्या भेटीत त्याने माप घेतलं नाही, औषधांची यादी मागितली नाही आणि थेट पावलापासून तेल चोळायला सुरुवात केली, तर उठून या.

स्टॉकिंगचं माप सूज उतरलेली असताना, सकाळी किंवा मसाजनंतर द्या. संध्याकाळच्या मापाचं स्टॉकिंग सकाळी सैल पडतं. घालताना स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे वापरा, पकड येते आणि नखाने धागा निघत नाही. वरची कड दुमडू नका, दुमडीचा दाब दुप्पट होतो. आपल्याकडच्या उकाड्यात दोन जोड लागतातच. एक रोज सौम्य साबणाने हाताने धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. रोज वापरलेलं स्टॉकिंग साधारण सहा महिन्यांत सैल होतं. दिसायला नवं असलं तरी ते बदला, आणि बदलताना माप पुन्हा घ्यायला लावा.